माशी, खाच आणि ताटली

व्हर्नाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. डोंगराच्या माथ्यावरचं एकेक झाड तिला आता सुटं दिसे. समोरच्या कोठारावर रंगवलेल्या चांदणीचा एक पोपडा उडालाय, हे तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओळखलं आणि शेजाऱ्याला फोन करून सांगितलंही. विरघळलं होतं ते फक्त हाताजवळचं जग. सुईचं नेढं, डब्यावरची अक्षरं आणि बंदुकीच्या नळीवरची नेम धरायची खाच. सुईला आणि डब्याला चष्मा पुरला. बंदुकीला पुरेना. चष्मा लावला की खाच दिसायची आणि हरीण विरघळायचं.

टायटसला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, याचंच भय वाटत होतं. तो स्वतः शिकारी नव्हता. जन्मभर त्याने प्रेट्झेलच्या खाऱ्या वेटोळ्यांच्या भट्टीवर काम केलं होतं आणि निवृत्तीनंतरही त्याचे हात पिठातच असत. पण नाताळ सरला की पेन्सिल्व्हेनियात चकमकीच्या बंदुकांचा हंगाम लागे आणि टायटसच्या घराण्यातली, ड्राइबेलबिस मंडळी ब्लू माउंटनच्या पायथ्याशी त्यांच्या लाकडी खोपीत जमत. तिथे चुलीपुढची जागा टायटसची आणि जंगलातलं ओढ्याकाठचं दबा धरायचं ठाणं व्हर्नाचं. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. व्हर्ना ठाण्यावर नसलेला हंगाम कसा असेल, हे टायटसला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं.

या हंगामाचा कायदा कडक. बंदूक ठासणीची हवी, एका नळीची हवी, आणि बार उडायचा तो गारगोटीच्या ठिणगीनेच. दुर्बीण लावायची नाही. डोळा, मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि पलीकडे हरीण. मध्ये काच म्हणून नाही. बाकीचे या कायद्यावर कुरकुर करत. व्हर्ना करत नसे. "एकच गोळी आहे म्हटलं की माणूस आधी विचार करतो," ती म्हणे.

खोपीचा कायदा त्याहून कडक होता आणि तो तिचाच. नाताळच्या आधीच्या शनिवारी प्रत्येकाने पन्नास यार्डांवर टांगलेल्या ताटलीवर तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही आत, तर ठाणं. एक जरी बाहेर गेली, तर बंदूक खुंटीला आणि माणूस हाक्याला, म्हणजे आवाज करून हरणं उठवायला. ताटली टायटसच्या शूफ्लायची असे, काकवीच्या त्या गोड पदार्थाची, ज्यावर लोण्यापिठाचा चुरा पसरलेला असतो. नऊ इंची पत्र्याची ताटली. हरणाच्या बरगड्यांमागे जिथे गोळी लागली तर ते जागीच पडतं, ती जागा जवळपास एवढीच. तेवढीही जागा ज्याला साधत नाही त्याने झाडू नये, कारण जखमी हरीण रात्रभर तडफडतं.

दोन वर्षांपूर्वी क्लेटनची, टायटसच्या धाकट्या भावाची, तिसरी गोळी ताटलीच्या कडेला चाटून गेली होती. व्हर्नाने ताटली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हाका." गेल्या वर्षीही तसंच झालं. तेव्हापासून क्लेटन काटेरी झुडपांतून पातेलं बडवत चालतो आणि तिला वॉर्डनबाई म्हणतो.

"यंदा एक पातेलं वॉर्डनबाईंसाठी पण घासून ठेव," ऑपरेशननंतर तो टायटसला म्हणाला. "मोठं ठेव. आवाज लांब गेला पाहिजे."

टायटस हसला नाही. क्लेटनलाही मग फारसं हसू आलं नाही.

सप्टेंबरात नवरा-बायको हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेली. तिथली विक्रेती फार प्रेमळ होती.

"तुम्ही क्रॉसबो का घेत नाही?" ती म्हणाली. "त्याच्या हंगामात दुर्बीण चालते. माझ्या सासूबाईंनी घेतलाय."

"काही मारलं का त्यांनी?" व्हर्नाने विचारलं.

"अजून तरी गॅरेजचं दारच."

मग तिने एक आखूड, हलकी, चकमकीची बंदूक काढली. कायद्यात बसणारी. खाचेच्या दोन्ही बाजूंना आणि माशीवर हिरवे-लाल चमकते ठिपके होते. व्हर्नाने ती खांद्याला लावली, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या अस्वलाच्या मुंडक्यावर धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. टायटसला वाटलं, जमलं.

"जत्रा दिसते," ती म्हणाली. "दिवेच दिवे. दिव्यांच्या मागे अस्वल आहे की तुमचे मॅनेजर, ते काही कळत नाही."

दोघं गाडीने परत निघाली. टायटसने रेडिओ लावला आणि बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आला तर व्हर्ना केरसुणीचा दांडा गालाला लावून उभी होती. नेम भिंतीवरच्या घड्याळावर होता. दांड्यावर तिने कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला होता.

"काय चाललंय?"

"चिमटा पुढे सरकव. अजून. अजून थोडा. थांब."

टायटस थांबला. त्याचा हात तिच्या नाकापासून खूपच लांब गेला होता.

"इथे मला त्याच्या दोन्ही कडा दिसतात," ती म्हणाली. "मागे सरकला की लोकर होते. म्हणजे डोळा बिघडलेला नाही टायटस. खाच चुकीच्या जागी आहे."

"मग आपल्या बंदुकीची खाच पुढे सरकवू. कायद्यात बसतं ना?"

"बसतं. पण आपली नळी आखूड. खाच एवढी पुढे नेली तर माशीला जाऊन टेकेल. दोघींत अंतर नसलं तर नेम कसला, नुसता अंदाज." तिने दांडा खाली घेतला. तिचे डोळे चमकत होते. "नळी लांब पाहिजे. जुन्या लोकांची असायची तेवढी."

टायटस तिच्याकडे पाहत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही बाई केरसुणीतून काय काढेल, याचा त्याला अजून अंदाज येत नव्हता.

मिलफर्ड हास नावाचा ऐंशीच्या घरातला म्हातारा जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात बंदुका बनवी. व्हर्ना केरसुणी घेऊनच त्याच्या दारात उभी राहिली. चिमटा तसाच होता.

"झाडायला आलीस?" हासने विचारलं. "बरं झालं. कोपऱ्यापासून सुरू कर."

तिने सगळं सांगितलं. हासने चिमट्याकडे पाहिलं, मग आढ्याकडे. तिथे दोन खुंट्यांवर एक बंदूक आडवी होती. पुरुषभर उंचीची, लाटांसारख्या वळ्यांच्या मेपल लाकडाची, दस्त्यात पितळी झाकण बसवलेली. ज्याने बनवायला सांगितली होती तो फ्लोरिडाला गेला आणि परत आलाच नाही. लोक येत, दोन मिनिटं उचलून बघत आणि जड आहे म्हणून परत टांगत.

व्हर्नाने ती उचलली. नळीचं टोक आधी खाली गेलं, मग हळूहळू वर आलं आणि स्थिरावलं. टायटस मागून पाहत होता. त्याला बंदुकीतलं कळत नव्हतं, पण नीट तिंबलेलं पीठ हाताखाली आलं की कळतं, तसं त्याला तिच्या खांद्यांकडे पाहून कळलं.

"जुन्या बंदुकांवर खाच अशीच पुढे असायची," हास म्हणाला. "मला आपलं वाटायचं, दिसायला बरं म्हणून करत असतील."

"तेही म्हातारे व्हायचेच की," व्हर्ना म्हणाली.

हासने हे मनाशी घोळवलं आणि एकटाच हसला. मग त्याने बंदूक ठोकळ्यात पकडली, चिमट्यावरून माप घेतलं आणि खाचेसाठी नळीवर नवी रेघ मारली. मोबदल्यात व्हर्नाची आखूड बंदूक त्याच्याकडे राहिली. शिवाय, वसंतापर्यंत दर पंधरवड्याला एक शूफ्लाय आणून द्यायचं टायटसने आपण होऊन कबूल केलं.

क्लेटनने ती बंदूक पाहिली तेव्हा तो टोकापासून दस्त्यापर्यंत चालत गेला.

"दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत भूक लागते," तो म्हणाला. "वॉर्डनबाई, ही झाडायची की हिच्यावर झेंडा लावायचा?"

"तुझा शर्ट लावायचा. हात लावू नकोस."

बंदूक जड होती, हे मात्र खरं. व्हर्ना रोज अंगणात उभी राहून पाण्याची बादली हात लांब करून धरायची. टायटस खिडकीतून पाहायचा. बादली थरथरायची, पाणी हिंदकळायचं आणि ती तोंडाने काहीतरी पुटपुटत अजून थोडा वेळ धरायची. नंतर ती मागच्या कुरणात जाऊन ताटलीवर नेम धरायची. खिळ्याला टांगलेली ताटली नेमकी माशीच्या डोक्यावर बसवायची, खांबावर भोपळा ठेवावा तशी, ही तिची पद्धत. मग गोळी भोपळ्याच्या पोटात जायची. बहुतेक वेळा. पण संध्याकाळी, हात दमले की, तिसरी गोळी कधीकधी बाहेर जाई. मग ती गरम पाण्याने नळी धूत पायरीवर बसे आणि टायटस तिला गरम पाण्याची किटली आणून देई.

परीक्षेच्या शनिवारच्या आदल्या आठवड्यात तिसरी गोळी लागोपाठ दोनदा बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी टायटस किराणा आणायला गेला आणि लोणी, मैदा, काकवी यांच्याबरोबर एक दहा इंची ताटली घेऊन आला. चढत्या आवाजात त्याने स्वतःला समजावलं की यंदा माणसं जास्त आहेत, शूफ्लाय मोठी लागेल. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, तरी त्याला हे मोठ्याने म्हणावं लागलं.

शनिवारी थंडी कोरडी होती. खोपीच्या मागे सगळे जमले. ताटल्या टांगायचं काम नेहमी टायटसचं. बाकीच्यांची परीक्षा जुन्या ताटल्यांवर झाली, तिघे पास झाले, एक पुतण्या हाक्यात गेला. व्हर्ना शेवटी. टायटसने वरच्या कडेला भोक पाडलेली नवी ताटली खिळ्याला टांगली आणि मान खाली घालून परत आला. नऊ इंची नेहमीची ताटली आत टेबलावर होती. तीत ताजी शूफ्लाय होती. निदान कोणी विचारलं तर सांगायला कारण होतं.

व्हर्ना परीक्षा देत असताना पंच कोण, असा प्रश्न निघाला होता. "मीच," क्लेटन म्हणाला होता. "दोन वर्षं पातेलं बडवलंय, एवढा हक्क झाला माझा." तो दुर्बीण घेऊन ओंडक्यावर बसला.

तिने दारू ओतली, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासली, नळीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या बारीक भोकाशी, चिमूटभर रंजक, पेटवायची बारीक दारू, टाकली. नळी वर आली. ठिणगी, धूर, आवाज.

"आत," क्लेटन म्हणाला. "खालच्या अंगाला आहे, पण आत."

खालच्या अंगाला. टायटसने खिळ्याकडे पाहिलं. ताटली वरून टांगलेली. बोटभर मोठी, म्हणजे तिची खालची कड बोटभर खाली लोंबणार. आणि व्हर्ना नेम धरते तो खालच्याच कडेवर. भोपळा मोठा केला, पण त्याबरोबर खांब खाली गेला. तो जिला मदत करायला गेला होता, तिची प्रत्येक गोळी त्याने खाली ओढली होती.

"व्हर्ना," तो म्हणाला.

"श्श," सगळे एकदम म्हणाले. व्हर्ना ठासत होती. ठासणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही, हा खोपीतला सगळ्यात जुना नियम. बोलण्याच्या नादात माणूस दारू विसरतो आणि नुसती गोळी ठासून बसतो. तशी कोरडी गोळी मग नळीत अडकते. टायटसने ओठ मिटले. तिने बंदूक खांद्याला लावली. आता तर बोलण्याची सोयच नव्हती.

दुसरी आत. तीही खाली. तिसऱ्या वेळी नळी किंचित डुलली, तिने श्वास धरला, नळी थांबली. बार उडाला.

क्लेटनने खूप वेळ दुर्बिणीतून पाहिलं.

"कडेला," तो म्हणाला. "पण आत. तिन्ही आत." तो उठून उभा राहिला. "मला वाईट वाटतंय असं मी म्हणणार होतो, पण नाही वाटत. अभिनंदन, वॉर्डनबाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्ना ताटलीपर्यंत चालत गेली. तिने ती काढली आणि पंजा पसरून तिच्यावर ठेवला. अंगठा एका कडेला, करंगळी दुसऱ्या कडेला. घरातल्या ताटलीवर तिचा पंजा बरोबर बसतो. आज करंगळी पत्र्यावरच राहिली. तिने टायटसकडे पाहिलं.

"दहाची आहे," टायटस म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "मी आणली. तुला कळलं नसतं तर मी सांगितलंही नसतं कदाचित."

व्हर्ना आत गेली आणि शूफ्लायसकट नऊ इंची ताटली घेऊन आली. दोन्हींची वरची कड जुळवून तिने ती मोठीवर धरली. गोळ्यांची दोन भोकं झाकली गेली. तिसरं बाहेर राहिलं.

"हाका," ती म्हणाली. शांतपणे, क्लेटनला म्हणाली होती तसंच. "मोठं पातेलं दे, टायटस."

"थांब," टायटस म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं, अडखळत, खिळा, लोंबती कड, माशीवरचा भोपळा. हातांनी दाखवलं. "सगळ्याच गोळ्या बोटभर खाली आल्या, माझ्यामुळे. नेहमीची ताटली असती तर तिसरीसुद्धा आत होती."

"असती तर," व्हर्ना म्हणाली. "नव्हती ना. परीक्षा वर्षातून एकदा."

"अगं पण परीक्षा झालीच कुठे?" क्लेटन मध्ये पडला. त्याने मोठी ताटली तिच्या हातातून घेतली. "नियम काय आहे? नऊ इंची. कोणी केला? तू. दोन वर्षं मी काट्यांतून चालतोय ते नऊ इंचीपायी. दहाची असती तर मी ठाण्यावर बसून सफरचंद खात असतो. आता तुझ्यासाठी दहाची चालली आणि तू नापास झालीस, हे मी ऐकून घेणार नाही. साधन नियमात बसत नाही. परीक्षा रद्द."

"क्लेटन, दया दाखवू नकोस."

"दया? तुला?" क्लेटनला खरोखरच राग आला होता. "मी पंच आहे. नऊ इंची टांगायची आणि तू झाडायची. बाहेर गेली तर पातेलं मी स्वतः तुझ्या हातात देईन आणि मला मजा येईल."

व्हर्नाने मान डोलावली.

अडचण एकच होती. ताटली भरलेली होती. दुसरी नऊ इंची धड राहिली नव्हती, बाकीच्यांनी चाळण केली होती. तेव्हा सगळे तिथेच, थंडीत, हातमोजे काढून शूफ्लाय खायला लागले. उन्हं डोंगरामागे कलत होती, म्हणून भराभर. क्लेटनने तीन तुकडे खाल्ले आणि पंचाला जास्त काम असतं असं सांगितलं. व्हर्नाने एकच घेतला, टायटसच्या शेजारी उभं राहून. ती त्याच्याशी बोलली नाही, पण खाऊन झाल्यावर काकवी लागलेली बोटं तिने त्याच्याच बाहीला पुसली. टायटसला जरा बरं वाटलं.

ताटली क्लेटनने टांगली. टायटसला जवळ फिरकू दिलं नाही.

पहिली गोळी मध्यावर गेली. दुसरी तिच्या शेजारी. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसती ठिणगी, रंजक फुरकन जळली आणि बार उडालाच नाही. अशा वेळी माणूस दचकतो, नळी हलते, शिव्या येतात. व्हर्ना हलली नाही. डोळ्यांसमोर जाळ होऊन गेला आणि ती लांबलचक नळी जिथे होती तिथेच राहिली, खांबावर भोपळा तसाच. आवाज होणार नाही याची खात्री झाली तेव्हाच तिने ती खाली घेतली. सुईने कान साफ केला, पुन्हा रंजक टाकली. टायटसला वाटलं, आपण आजवर तिच्यासाठी भीत होतो ते उगाच. तिला मोठी ताटली लागतच नव्हती. लागत होती ती त्याला.

बार उडाला. धूर विरायला वेळ लागला.

"आत," क्लेटन म्हणाला. मग दुर्बीण खाली ठेवून, स्वतःशीच बोलल्यासारखा, "मधोमध आत. काय बाई आहे."

रात्रीच्या जेवणाआधी एक काम राहिलं होतं. खोपीतली रीत अशी, की हरणावरचा नेम चुकला तर त्या माणसाच्या शर्टाची मागची शेपटी कापायची आणि नाव लिहून भिंतीला ठोकायची. भिंतीवर क्लेटनच्या चार होत्या. व्हर्नाच्या तरुणपणीची एक, निळ्या फुलांची. टायटसची नव्हती, कारण त्याने कधी बंदूकच धरली नव्हती.

"आज नेम चुकला तो एकाचाच," व्हर्ना म्हणाली आणि सुरी काढली. "उभा राहा."

टायटस चुलीकडे तोंड करून उभा राहिला. मागून शर्ट बाहेर ओढला गेला, थंड पातं कापडातून सरकलं. क्लेटनने खिळा ठोकला आणि तिने काळ्या खडूने लिहिलं. टायटसने वळून वाचलं. नाव, वर्ष आणि खाली, "दहा इंची."

"अक्षर मोठं काढलंस," तो म्हणाला.

"मला जवळचं दिसत नाही," व्हर्ना म्हणाली.

तो पुन्हा पातेल्याकडे वळला. डुकराच्या मांसाचा रस्सा उकळत होता. दाराच्या फटीतून येणारा वारा उघड्या पाठीला चांगलाच झोंबत होता. राहिलेला शर्ट त्याने आत खोचला नाही.